थरथरणारा हात आणि पिवळे विमान

आमच्या दवाखान्यात औषधांच्या काचेच्या कपाटावर सध्या एक पिवळे विमान ठेवलेले आहे. एकावर एक असे दोन पंख असलेले, जुन्या काळचे. इंजेक्शनच्या भीतीने रडणारी पोरे त्याच्याकडे बघत क्षणभर गप्प होतात आणि तेवढ्यात आमचे काम उरकते. त्यांचे आईवडील विचारतात, "डॉक्टर, हे कुठून आणलंत?" मी स्वतः जुळवले आहे असे सांगितले, की ते आधी विमानाकडे आणि मग माझ्या पांढऱ्या केसांकडे बघतात.

या सदरात आपण ताप, खोकला, मधुमेह यांबद्दल बोलतो. आज विमानाबद्दल बोलणार आहोत. हे विमान जुळवताना मला माझ्याच शरीरातली एक गोष्ट स्पष्ट दिसली, जी बघायचे मी निदान तीन वर्षे टाळत होतो. "दुखणे अंगावर काढू नका" असे रोज चाळीस रुग्णांना बजावणारा मी, स्वतः मात्र अंगावर काढत होतो.

२०२४ च्या दिवाळीत मुलगा इंग्लंडहून आला. येताना त्याने सर्वांना चॉकलेट आणले आणि माझ्या हातात एक डबा ठेवला. "बाबा, रोज रात्री बातम्या बघून चिडता, त्यापेक्षा हे करत बसा," म्हणाला. डब्यात 'एअरफिक्स' कंपनीच्या टायगर मॉथ या विमानाचे सुटे भाग होते. प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले पंख, चाके, शेपटी, बसायच्या जागा. काही भाग तांदळाच्या दाण्याएवढे. ते कापून, घासून, चिकटवून, रंगवून विमान उभे करायचे असते. प्रमाण एकास बहात्तर. म्हणजे खऱ्या विमानाचे बहात्तर इंच ते या विमानात एक इंच. खऱ्या टायगर मॉथच्या पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत ८.९४ मीटर होती. माझ्या विमानाची साडेबारा सेंटिमीटरही भरत नाही. पोस्टकार्ड त्यापेक्षा लांब असते.

हे विमान ऐकून माहीत नसेल, म्हणून थोडे सांगतो. इंग्लंडमध्ये जेफ्री डी हॅविलँड नावाचे विमानांचे अभियंते होते. त्यांना फुलपाखरे आणि पतंग गोळा करण्याचा छंद. म्हणून त्यांच्या कारखान्यातल्या विमानांना पतंगांची नावे मिळाली. टायगर मॉथ पहिल्यांदा उडाले ते २६ ऑक्टोबर १९३१ रोजी. पुढे अशी आठ हजारांवर विमाने बांधली गेली. ती लढायची विमाने नव्हेत, शिकवणीची. पुढे गुरू आणि मागे शिष्य. दोघांमध्ये बोलायला एक रबरी नळी असे, तिची दोन टोके कानाशी, अगदी आमच्या स्टेथास्कोपसारखी! दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बेगमपेठ आणि जोधपूर येथे आपल्याकडच्या वैमानिकांनी याच विमानावर धडे गिरवले. जे. आर. डी. टाटांनी १९३२ मध्ये कराचीहून मुंबईला टपाल आणले ते विमान हेच, असे मला एका सद्गृहस्थांनी छातीठोकपणे सांगितले. ते खरे नव्हे. टाटांचे ते विमान पुस मॉथ होते आणि त्याला पंखांचा एकच मजला होता.

असो. कामाला सुरुवात केली आणि पहिल्याच संध्याकाळी दोन गोष्टी कळल्या. पहिली, माझा चष्मा पुरेसा नाही. चाळिशीनंतर डोळ्यातले भिंग ताठर होत जाते आणि जवळचे दिसेनासे होते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण वाचायचा चष्मा साधारण हातभर अंतरावरच्या पुस्तकासाठी दिलेला असतो. वीतभर अंतरावर तांदळाचा दाणा बघायला तो चालत नाही. मग आपण पुढे वाकतो, मान खाली घालतो, आणि दुसऱ्या दिवशी मान आखडल्याची तक्रार घेऊन दवाखान्यात येतो. मी बाजारपेठेतल्या घड्याळजीकडून डोळ्याला लावायचे भिंग आणले. टेबलावर एक चौरंग ठेवला, म्हणजे काम डोळ्यांपाशी आले आणि मान सरळ राहिली. दिवा डावीकडून घेतला. शिवणकाम, जरीकाम, सोनारकाम करणाऱ्यांनीही हे करून पाहावे. आणि दर वीस मिनिटांनी उठून खिडकीबाहेर लांबवर बघावे. बारीक काम करताना आपण पापण्या मिटायचे विसरतो, डोळे कोरडे पडतात आणि चुरचुरतात. त्याला दरवेळी थेंबांची गरज नसते, विश्रांतीची असते.

दुसरी गोष्ट गोंदाची. या प्लास्टिकला लागणारा गोंद नेहमीच्या गोंदासारखा नसतो. तो पाण्यासारखा पातळ असतो, प्लास्टिकचा पृष्ठभागच विरघळवतो आणि दोन भाग एकजीव करतो. साहजिकच त्यातून उडून जाणाऱ्या द्रवाची वाफ निघते. थंडी म्हणून मी खिडक्या लावून बसलो होतो. तासाभरात डोके जड झाले आणि छातीत शिटी वाजू लागली. मला लहानपणापासून दम्याचा त्रास आहे. पंपाचे दोन झटके घ्यावे लागले. दुसऱ्या दिवसापासून मी टेबल गॅलरीच्या दारात मांडले. दमेकऱ्यांनी, गरोदर स्त्रियांनी अशा गोंदाच्या आणि थिनरच्या वासापासून लांबच राहावे.

पालकांसाठी येथे एक शब्द अधिक लिहितो. पंक्चर काढायचे सोल्युशन, व्हाइटनर, थिनर हे मुद्दाम हुंगण्याचे व्यसन काही मुलांना लागते. त्यात टोल्युइनसारखी द्रव्ये असतात. ती मेंदूला गुंगी आणतात आणि एखादे वेळी हृदयाची लय बिघडवून जागच्या जागी जीवही घेतात. पहिल्याच खेपेला असे होऊ शकते. मुलाच्या कपड्यांना असा वास येत असेल, तोंडाभोवती पुरळ असेल, वागणे अचानक बदलले असेल, तर मारझोड न करता डॉक्टरांकडे आणावे.

विमान आणि विषारी वाफ यांचे नाते मात्र जुने आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळातली विमाने लाकडाची आणि वर ताणलेल्या कापडाची असत. ते कापड ताठ आणि जलरोधक व्हावे म्हणून त्यावर एक लेप देत, त्याला 'डोप' म्हणत. त्या वेळी काही लेपांत टेट्राक्लोरोइथेन नावाचे द्रव्य घालत. बंद कारखान्यात दिवसभर तो लेप देणाऱ्या कामगारांना, ज्यांत बायकाही होत्या, कावीळ होऊ लागली. यकृत निकामी होऊन काही जण दगावले. १९१४ पासून इंग्लंडात असे रुग्ण दिसले आणि १९१६ पासून अशी कावीळ सरकारला कळवणे कायद्याने बंधनकारक झाले. नंतर ते द्रव्य लेपांतून काढले गेले. आकाशात गेलेल्यांची नावे इतिहासात राहिली. जमिनीवर उभे राहून कापडाला लेप देणाऱ्यांची फारशी कोणी लिहून ठेवली नाहीत. आपल्या गावात बंद गाळ्यात, तोंडाला फडके न बांधता फर्निचरला पॉलिश मारणारी पोरे बघतो, तेव्हा मला ही गोष्ट आठवते.

भाग कापायला मी माझीच ऑपरेशनची सुरी घेतली, अकरा नंबरचे टोकदार पाते. डाव्या अंगठ्याला एकदा लागलेच. साबणाने धुतले आणि पट्टी बांधली. धनुर्वाताच्या लसीची सर्व प्राथमिक इंजेक्शने झाली असतील आणि शेवटचे दहा वर्षांच्या आतले असेल, तर अशा स्वच्छ, लहान जखमेला पुन्हा इंजेक्शन लागत नाही. खरचटले की "एक टीटी ठोकून द्या" म्हणणाऱ्या मंडळींनी हे कापून ठेवावे.

रंगाने फार दिवस खाल्ले. पिवळा रंग हट्टी असतो, खालचा करडा रंग झाकत नाही. म्हणून आधी पांढऱ्याचा हात, मग पिवळ्याचे तीन पातळ हात, आणि प्रत्येक हातानंतर एक दिवस थांबायचे. घाई करून जाड थर दिला की ओघळ येतात आणि सगळे घासून परत पहिल्यापासून. मला एकदा करावे लागले. अशा छंदाने रक्तदाब उतरतो असे वाचायला मिळते. मी कुतूहलाने बसण्यापूर्वी आणि उठल्यावर दोन आठवडे स्वतःचा दाब मोजून पाहिला. काही फरक नव्हता. बातम्यांवर चिडणे मात्र कमी झाले, असे सौभाग्यवतींचे मत आहे.

जानेवारीत, म्हणजे २०२५ च्या, मी तारांपाशी आलो. दुपंखी विमानाचे दोन पंख नुसत्या खांबांवर उभे राहत नाहीत. त्यांच्यामध्ये तिरक्या तारा ताणलेल्या असतात. काही तारा विमान हवेत असताना पंखांना वर मुडपू देत नाहीत आणि काही तारा ते जमिनीवर असताना पंखांचे ओझे धरून ठेवतात. या सगळ्यांचा ताण जुळला म्हणजे इतके हलके लाकूड-कापडही मजबूत होते. डब्यात तारा मिळत नाहीत, फक्त त्या कुठे लावायच्या हे पाहून आपण दोरा ओवायचा असतो. त्यासाठी पंखांना सुईच्या टोकाएवढी भोके पाडायची.

दोरा कोणता घ्यावा याचा विचार करताना मला दवाखान्यातली मुदत संपलेली टाक्यांच्या धाग्याची पाकिटे आठवली. चेहऱ्याच्या जखमेला आम्ही सहा-शून्य नंबरचे नायलॉन वापरतो. त्याची जाडी मिलिमीटरचा सुमारे सात शतांश भाग. बहात्तरने गुणले तर पाच मिलिमीटर, म्हणजे खऱ्या विमानाच्या तारेच्या जवळपास! मला फार आनंद झाला. सुई धरायचा चिमटा तोच, धागा तोच, भिंगाखाली फक्त भुवईऐवजी पंख. मनात म्हटले, हे तर आपले रोजचे काम.

आणि भिंगातून पाहिले तर सुईचे टोक नाचत होते.

भोकाच्या डावीकडे, उजवीकडे, वर. जितका प्रयत्न करावा तितके जास्त. चिमटा खाली ठेवला, हात मांडीवर ठेवला, तर हात शांत. पुन्हा उचलला, भोकापाशी नेला, की पुन्हा सुरू. त्या रात्री एकही तार लागली नाही.

भिंगाखाली कोणाचाही हात हलतो, हे मला माहीत आहे. प्रत्येक माणसाच्या हाताला एक बारीक, डोळ्यांना न दिसणारा कंप असतोच. थकवा, जागरण, चहा-कॉफी, भीती, भूक यांनी तो वाढतो. दम्याच्या पंपातल्या साल्ब्युटामॉलनेही वाढतो. मी स्वतःला हीच कारणे दिली. वास्तविक तीन वर्षे देत होतो. सही वेडीवाकडी आली तर पेन खराब. चहा बशीत सांडला तर कप काठोकाठ भरलेला. म्हणून त्या रात्री एक साधी चाचणी केली. कोऱ्या कागदावर, हात टेबलाला न टेकवता, जिलबीसारखे एक वेटोळे काढले. सौभाग्यवतींनाही काढायला लावले. त्यांचे वेटोळे गुळगुळीत आले. माझ्या रेषेला करवतीसारखे दाते होते.

मला माझे वडील आठवले. ते प्राथमिक शाळेत शिक्षक होते. पन्नाशीनंतर त्यांचा हात हलू लागला. फळ्यावरचे अक्षर बिघडले. बशीतून चहा पिताना बशी कपावर वाजायची. गावात कुजबूज सुरू झाली, की मास्तर घेतात. माझ्या वडिलांनी आयुष्यात दारूला स्पर्श केला नाही. पण ते लोकांकडे चहा घेईनासे झाले. हळदीकुंकू, बारसे, लग्न, कुठेही गेले तरी "नुकताच घेतला" म्हणत. १९९८ मध्ये ते वारले तोवर मी डॉक्टर होऊन बारा वर्षे झाली होती, आणि तोवर एकदाही मी त्यांना नीट तपासले नव्हते. वयाने होते, असे म्हणून सोडून दिले होते.

सकाळी दवाखान्यात आल्यावर आमच्या कंपाउंडरना, अण्णांना, मी दार लावून घ्यायला सांगितले आणि म्हटले, "अण्णा, माझा हात थरथरतो." अण्णा माझ्याबरोबर तीस वर्षे आहेत. ते खाली बघत म्हणाले, "साहेब, मला ठाऊक आहे. वर्ष झालं." मग त्यांनी सांगितले. मी घरी जेवायला गेलेला असताना टाक्यांचा रुग्ण आला, तर "साहेब बाहेरगावी गेलेत" असे सांगून ते त्याला बसस्टँडजवळच्या तरुण सर्जनबाईंकडे पाठवत होते. मला राग आला, तो अण्णांवर नव्हे. २०२४ च्या गणपतीत एका पाच वर्षांच्या मुलीची भुवई फुटली होती. तिला मी चार टाके घातले. शेवटची गाठ चौथ्या प्रयत्नात बसली. ती रडत होती म्हणून असे झाले, असे मी तिच्या आईला सांगितले होते. मुलीची जखम भरली, व्रणही फारसा दिसत नाही. पण डोळा तिथून बोटभर अंतरावर होता.

त्या दिवसापासून मी टाके घालणे बंद केले. अण्णांनी दारावर तशी पाटी लावली.

पुढच्या आठवड्यात पुण्याला मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो. तिथे जे विचारले आणि करायला लावले ते वाचकांना उपयोगी आहे, म्हणून सविस्तर देतो. हात मांडीवर सैल ठेवून बसा. हात समोर ताठ धरा. बोट नाकाला, मग माझ्या बोटाला लावा. एका पेल्यातले पाणी दुसऱ्यात ओता. वेटोळे काढा. दोन ओळी लिहा. खोलीत चालून दाखवा. घरात आणखी कोणाला आहे? कोणकोणती औषधे घेता? थायरॉइडची रक्ततपासणी करून घेतली. मेंदूच्या स्कॅनची माझ्या बाबतीत गरज पडली नाही. निदान झाले, इसेन्शिअल ट्रेमर. मराठीत याला रूढ नाव नाही. पिढीजात कंप म्हणता येईल, पण प्रत्येकाच्या घराण्यात तो सापडतोच असे नाही.

हात थरथरला की लोकांना पहिली भीती कंपवाताची, म्हणजे पार्किन्सन्सची वाटते. दोहोंत फरक आहे. कंपवातात हात बहुधा स्वस्थ असताना हलतो, अंगठा आणि बोट गोळी वळल्यासारखे फिरतात, आणि सुरुवात एका बाजूने होते. हात कामाला लागला की कंप कमी होतो. त्याबरोबर हालचाली मंदावतात, अंग ताठरते, चालताना तो हात हलत नाही, अक्षर बारीक बारीक होत जाते. माझ्या प्रकारात उलट. हात स्वस्थ असताना शांत आणि कामाला लागला की थरथर, बहुधा दोन्ही हातांना. अक्षर मोठे आणि वेडेवाकडे. काहींची मान किंवा आवाजही थरथरतो. हा आजार कंपवातापेक्षा पुष्कळ अधिक लोकांना असतो. तो जिवावर बेतत नाही, पण वर्षानुवर्षे हळूहळू वाढत जातो.

एक चमत्कारिक गोष्ट येथे सांगायला हवी. थोड्या दारूने हा कंप तासा-दोन तासांपुरता कमी होतो. म्हणजे या आजाराच्या दोन माणसांपैकी प्यायलेल्याचा हात स्थिर आणि न प्यायलेल्याचा हलणारा! माझ्या वडिलांवर आळ घेणाऱ्यांना हे कोण सांगणार होते? पण म्हणून कोणी हा उपाय करू नये. उतरल्यावर कंप आणखी वाढतो, मात्रा वाढत जाते, आणि शेवटी दोन आजार होतात.

थरथरीची इतर कारणेही असतात. वजन उतरणे, धडधड, घाम, उकाडा सहन न होणे याबरोबर हात कापत असतील तर थायरॉइड तपासावे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्याला एकाएकी थरथर, घाम आणि भूक लागली तर साखर उतरलेली असू शकते. तपासण्यात वेळ न घालवता तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि मग डॉक्टरांना गाठावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, सरळ दवाखान्यात न्यावे. फिट्सच्या आणि मानसिक आजाराच्या काही औषधांनीही हात कापतात, ती औषधे मनानेच बंद करू नयेत. आणि बोलणे अडखळणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूची शक्ती जाणे असे अचानक झाले, तर तो कंप नव्हे. तो पक्षाघात समजून त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयाकडे निघावे.

माझ्या आजारावर मुळापासून उपाय नाही, थरथर कमी करणारी औषधे आहेत. सर्वांत जुने आणि चांगले म्हणजे प्रोप्रॅनोलॉल. दम्यामुळे मला ते चालत नाही, त्याने श्वासनलिका आवळतात. जो उपाय शेजाऱ्याला लागू पडला तो आपल्याला का घातक ठरू शकतो, याचे मी स्वतःच उदाहरण झालो. मला प्रिमिडोन नावाचे दुसरे औषध रात्री अगदी कमी मात्रेत सुरू केले. पहिल्या दोन दिवशी भोवळ आली, झोप आली, मग अंगवळणी पडले. आता कंप निम्म्याने कमी आहे असे मला वाटते. अण्णा म्हणतात, तिसरा हिस्सा. पंप बंद केलेला नाही. श्वास आधी. संध्याकाळचा चहा सोडला. ज्यांना औषधांनीही आराम पडत नाही आणि जेवणखाणही अवघड होते, अशांसाठी मेंदूत बारीक तार बसवण्याची शस्त्रक्रिया मोठ्या शहरांत होते.

घरगुती युक्त्याही आहेत. हाताचा कोपर आणि मनगट टेबलाला टेकवून काम केले की थरथर बरीच आवरते, म्हणून इंजेक्शन देताना मी आता हात टेकवतो. कप अर्धाच भरावा, बशी घेऊ नये. जड पेला, जाड पेन बऱ्याच जणांना सोपे जाते. आणि सर्वांत मोठी युक्ती म्हणजे सांगून टाकणे. "माझा हात हलतो, कप अर्धा द्या," एवढे म्हटले की समोरच्याचे कुतूहल संपते आणि आपलीही लपवाछपवी संपते. हे वाक्य म्हणायला मला पहिल्यांदा चार दिवस लागले. एका नातेवाइकांकडे साखरपुड्याला म्हणालो, तर शेजारी बसलेले एक निवृत्त तलाठी हळूच म्हणाले, "मलाही अर्धाच."

विमान मात्र महिनाभर चौरंगावर तसेच पडून होते, तारांवाचून. औषध लागू पडल्यावर मी पुन्हा बसलो. मनगट चौरंगाच्या कडेला टेकवले, सुईऐवजी धागाच सरळ भोकात घातला, आणि श्वास सोडून झाल्यावर, पुढचा घेण्यापूर्वी, हात पुढे नेला. एका बैठकीत एक तार. कधी तीही नाही. धाग्याचे टोक पक्के करायला फेव्हिक्विकचा थेंब लावायचा. हा गोंद बोटांना चिकटला तर ओढाताण करू नये, कोमट साबणाच्या पाण्यात बोटे भिजवत ठेवावी, आपोआप सुटतात. पण सुती कापडावर तो सांडला तर कापड तापते, चटका बसण्याइतके. म्हणून बनियनला पुसू नये. डोळ्यात गेला तर पापण्या ओढून न उघडता तडक डॉक्टरांकडे जावे.

मे महिन्याच्या सुट्टीत मुलीचा मुलगा आला. वय अकरा. त्याने भिंग डोळ्याला लावले, विमान उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाला, "आजोबा, इकडच्या चार राहिल्यात." मी म्हटले, "माझा हात हलतो रे." तो म्हणाला, "मग तुम्ही विमान धरा." विमान धरायला हात टेकवता येतो. मी धरले, त्याने ओवले. पोराने दोन दुपारी घालवून चारही तारा लावल्या. गॅलरीच्या दारात बसवूनच, आणि गोंदाचा थेंब मी सांगेन तेव्हाच.

त्यातली एक तार सैल आहे, डाव्या बाजूची. दवाखान्यात उन्हाची तिरीप आली की दिसते. परवा टाके काढायला आलेल्या एका मिस्त्रींनी ती नेमकी हेरली आणि ताणून देऊ का म्हणून विचारले. मी नको म्हणालो. त्यांचे टाके सर्जनबाईंनी घातले होते, सुरेख होते. ते काढले मात्र मी, मनगट टेकवून.

(पुढील आठवड्यात : पावसाळा आणि पिण्याचे पाणी)